हिंगोली ते हॅनोव्हर : स्टोरीत न दिसणारा वीकेंड

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास हिंगोलीत घरी चहाचा दुसरा कप घेऊन मी फोन चाळत बसले होते. तेवढ्यात तिची स्टोरी दिसली. बर्फानं पांढरा झालेला डोंगर, उंचच उंच झाडं आणि टोपी-मफलरमधून फक्त नाक बाहेर आलेली ती. मी सवयीनं टाइप केलं, 'मजा आहे बाई तुझी!'

उत्तर आलं दुपारी साडेतीनला. 'आत्ता सुटले कामावरून. पहाटे पाचपासून पार्सलं उचलायले. तो फोटो मागच्या शनिवारचा आहे.'

मला कसंतरीच झालं. खरंतर 'मजा आहे बाई' हे आपण किती सहज लिहून टाकतो! ज्याच्या ओळखीचं कुणी बाहेर शिकायला गेलंय, त्या प्रत्येकानं हे एकदा तरी लिहिलं असणार. म्हणून ठरवलं, की हिच्याकडून एकदा सगळं नीट ऐकून घ्यायचं. सोमवार ते शुक्रवार काय असतं, शनिवार-रविवारी कुठं जाते, पैसे कुठून येतात. पुढं कधी तिच्या जेवणाच्या वेळेला, कधी माझ्या झोपेच्या वेळेला आमचे व्हिडिओ कॉल झाले. हा लेख त्यातूनच झालाय.

अकरावी-बारावीला आम्ही एका बेंचवर बसायचो. ती वसमत तालुक्यातल्या एका गावची. घरी हळद आणि सोयाबीन. पुढं मी मास कॉमला आले आणि तिनं नांदेडला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेली. तिथल्या लाइब्निझ विद्यापीठात ती पाणी आणि पर्यावरणाच्या नियोजनावर एमएससी करतेय. 'नाव छापू नकोस,' हे तिनं पहिल्याच कॉलला सांगितलं. का, ते पुढं येईल.

मामाचा प्लॉट

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची. हे ऐकून आपल्याला वाटतं, चला, फुकटात शिक्षण! पण व्हिसा पाहिजे असेल तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात टाकून दाखवावे लागतात. त्याला म्हणतात ब्लॉक्ड अकाउंट. ती गेली तेव्हा हा आकडा ११,९०४ युरो होता. तेव्हाच्या भावानं ११ लाख रुपयांच्या आसपास. त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.

"अण्णा बँकेत गेले सातबारा घेऊन," ती सांगते. "साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालत नाही. एनए प्लॉट नाहीतर घर पाहिजे. गावातल्या घराला कोण विचारतंय? मग मामा उभा राहिला. नांदेडला त्याचा एक प्लॉट होता. म्हातारपणी बांधू म्हणून घेऊन ठेवलेला. तो तारण दिला त्यानं."

त्यामुळं ती जिथं जाईल तिथं तो प्लॉट तिच्या सोबत असतो. मेसला जेवताना, बूट घेताना, तिकीट काढताना. "तीस बाय पन्नासचा आहे," ती हसत म्हणाली. "पण जड लई आहे."

राजवाड्यातलं कॉलेज आणि सिंकमधली भांडी

तिच्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे चक्क जुना राजवाडा. नाव वेल्फेनश्लॉस. समोर उधळलेल्या घोड्याचा पुतळा, मागं बाग. फोटोत भारी दिसतं. पण तिचे लेक्चर असतात साध्या खोल्यांत, आणि तिचा बराचसा दिवस जातो तिथल्या तंत्रज्ञानाच्या मोठ्या लायब्ररीत.

"आपल्याकडं हजेरी नाही भरली तर टेन्शन. इथं बऱ्याच लेक्चरना हजेरीच नाही. आले तर आले. पण परीक्षेत कोणी सोडत नाही," ती सांगते. मार्कांची तर गंमतच आहे. तिथं १ म्हणजे सगळ्यात भारी, ४ म्हणजे काठावर पास आणि ५ म्हणजे नापास. पहिल्या परीक्षेत तिला २.३ मिळाले. तिनं खुशीत घरी फोन केला. अण्णा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "पाचपैकी दोनच? जाऊ दे, पुढच्या टायमाला बघू." आकडा जितका लहान तितका चांगला, हे समजवायला तिला एक आठवडा लागला. आता अण्णा गावात सांगतात, "आमची पोरगी खालून पहिली हाय."

ती तिघांसोबत एका फ्लॅटमध्ये राहते. प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर एक. फ्रिजवर साफसफाईचा तक्ता चिकटवलेला असतो. कोणत्या आठवड्यात संडास-बाथरूम कुणाकडं, कचरा कुणाकडं. कचऱ्याचेही प्रकार: कागद वेगळा, ओला वेगळा, प्लास्टिक वेगळं, काचेच्या बाटल्या तर रंगाप्रमाणं वेगळ्या. प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की २५ सेंट मिळतात. "पहिल्या महिन्यात मी बाटल्या जपून ठेवायचे. चार बाटल्या म्हणजे एक युरो. एक युरो म्हणजे नव्वद रुपये. डोक्यात सारखं कॅल्क्युलेटर चालू!"

खोलीभाडं ३८०, आरोग्य विमा सुमारे १४०. उरलेल्यात जेवण, फोन, बाकी सगळं. म्हणून काम. नियमानं परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२५ मध्ये तिथं तासाला किमान मजुरी १२.८२ युरो होती. ती महिन्यातले दोन शनिवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पार्सलं लावायला जाते. म्हणजे फिरायला उरतात महिन्यातले दोन शनिवार. स्टोरी त्याच दोन दिवसांची असते. बाकीच्या अठ्ठावीस दिवसांची स्टोरी कोण टाकतंय?

पहिला रविवार

पहिल्या रविवारी ती सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला निघाली. सगळी दुकानं बंद. तिला वाटलं, काहीतरी गडबड झाली, कर्फ्यू वगैरे. मग कळलं, की जर्मनीत रविवारी दुकानं बंदच असतात, कायदाच आहे तसा. काही बेकऱ्या आणि स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. खोलीवर मोठ्यानं गाणी लावायची नाहीत, खिळा ठोकायचा नाही. "आपल्याकडं रविवार म्हणजे लग्नं, डीजे, मटणाची लाइन. इथं एवढी शांतता की मला रडूच आलं."

रडून झाल्यावर ती बाहेर पडली. हॅनोव्हरमध्ये रस्त्यावर एक लाल पट्टा रंगवलेला आहे. ४.२ किलोमीटरचा. तो धरून चालत राहिलं की शहरातली ३६ महत्त्वाची ठिकाणं बघून होतात. गाईड नको, तिकीट नको. तिचा परदेशातला पहिला 'वीकेंड ट्रिप' हाच. एकही पैसा न लागलेला.

दुसऱ्या रविवारी ती माशझे नावाच्या तलावावर गेली. शहराच्या मधोमध एवढं पाणी बघून तिनं वर्गातल्या एका मुलाला विचारलं, ही नदी अडवली का? तो म्हणाला, नाही, हा खोदलेला आहे. १९३४ ते १९३६ मध्ये, बेरोजगारांना काम म्हणून. तिला एकदम आजोबा आठवले. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या आजोबांनीही दुष्काळी कामावर असाच तलाव खोदला होता. "त्या तलावात आता मार्चमध्येच क्रिकेट खेळतात पोरं," ती म्हणाली. "आणि मी इथं शिकायला आलेय ते हेच, की पाणी मार्चनंतर कसं टिकवायचं."

एका तिकिटात अख्खा देश, पण हळूहळू

आता मुद्द्याचं. एवढ्या कमी पैशात ही फिरते कशी? उत्तर आहे 'डॉइचलांड तिकीट'. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ते ५८ युरो होतं. महिनाभर देशातल्या सगळ्या शहर बस, मेट्रो, ट्राम आणि पॅसेंजर गाड्या त्यावर चालतात. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते आणखी सवलतीत मिळतं. फक्त एक अट, सुपरफास्ट गाड्या चालत नाहीत. म्हणजे समजा, हिंगोलीहून मुंबईला जायचंय आणि पॅसेंजर बदलत बदलतच जायचं!

जी गावं फास्ट गाडीतून नुसती मागं पळतात, तिथं ही उतरते. हॅम्बुर्गला जाताना युल्झेन नावाच्या छोट्या स्टेशनवर गाडी बदलावी लागते. ते स्टेशन म्हणजे रंगीत खांब आणि वाकड्यातिकड्या फरशांचं एक चित्रच आहे. "मी तिथं मुद्दाम एक गाडी सोडली," ती म्हणाली. डब्यात पोळी आणि ठेचा. बाहेर कॉफी पिणं म्हणजे तीन-चार युरो. एका कॅफेत तिनं 'कुर्कुमा लाटे' असं लिहिलेलं वाचलं. कुर्कुमा म्हणजे हळद. आपलं हळदीचं दूध! जीआय मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीच्या मुलखातली पोरगी ती, बोर्डाचा फोटो काढून अण्णांना पाठवला. अण्णांचा उलट प्रश्न: "क्विंटलचा भाव काय हाय तिकडं?"

बर्फाचा तो फोटो हार्झच्या डोंगरातला. तिथं खाणींसाठी जुन्या काळी लोकांनी शंभरावर तलाव आणि मैलोन् मैल चर खोदून पाणी फिरवलं होतं. ते सगळं २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आम्हाला फोटोत बर्फ दिसला. ती गेली होती ते चर बघायला.

बर्लिनलाही ती पॅसेंजरनं गेली, सकाळी सहाला निघून. सगळे जातात त्या ठिकाणी गेलीच, पण नंतर डालेम भागात इनेश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर एक इमारत शोधत गेली. नंबर २२. आज तिथं विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं मानववंशशास्त्राची संस्था होती आणि तिथं शिकायला होत्या आपल्या इरावती कर्वे. होय, 'युगान्त'वाल्या. कर्ज काढून गेलेल्या. त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर, जे पुढं नाझींच्या वंशवादाचे मोठे समर्थक ठरले. कवट्यांची मापं घेऊन, वंशावरून माणसाची कवटी वेगळी घडते का, हे तपासायचं काम इरावतीबाईंकडं होतं. त्यांनी मापं घेतली आणि लिहिलं, की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, गाईडच्या मताच्या विरोधात! १९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

"मी त्या दारासमोर दहा मिनिटं उभी होते," ती म्हणाली. "मला लेक्चरमध्ये शंका विचारायला हात वर करायची भीती वाटते गं. इंग्रजी चुकेल म्हणून. सोमवारी मात्र मी हात वर केला."

'आमच्या प्लॉटवर फिरायली'

फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं हळद काढणीचे दिवस. शेतात सगळे पाहुणे जमलेले. कुणीतरी फोनवर तिचे फोटो दाखवत होतं. बर्फ, रेल्वे, बर्लिन. आणि मामी बोलून गेल्या, "आमच्या प्लॉटवर फिरायली पोरगी. अभ्यास कधी करती?"

असलं बोलणं तिकडं पोचायला विमान लागत नाही. तासाभरात पोचलं.

तिला मामींचा राग नाही आला. "खरं सांगू, मामींचं काय चुकलं? त्यांना जे दिसलं ते त्या बोलल्या. मीच फक्त डोंगर दाखवला. पाठ धरलेली दाखवली नाही." त्या दिवसापासून तिनं फोटो टाकणं बंद केलं. म्हणूनच, नाव छापू नकोस.

पण जाणं थांबवलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. मी विचारलं, पैसे वाचवायचे असतील तर फिरायचंच कशाला? ती जरा चिडली. "महिन्यातले दोन दिवस मी बाहेर पडले नाही ना, तर त्या खोलीत मला वेड लागेल. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो. वर्गातल्या एका मुलानं तसंच केलं. खोली, लायब्ररी, काम. दुसरं सेमिस्टर अर्ध्यात सोडून गेला तो घरी."

मे महिन्यात ती हामेल्नला गेली. हॅनोव्हरहून लोकलनं पाऊण तासावर. नाव ओळखीचं वाटतंय? लहानपणी ऐकलेली बासरीवाल्याची गोष्ट या गावची. उंदरांना बासरी वाजवून नदीत नेणारा, आणि गावानं पैसे बुडवल्यावर गावातली पोरंच घेऊन जाणारा. गावभर उंदरांची चित्रं, बेकरीत उंदराच्या आकाराचा पाव, रविवारी चौकात नाटक. सगळी जत्रा. पण तिथं एक अरुंद गल्ली आहे. दंतकथा सांगते, की १२८४ साली १३० मुलं याच गल्लीतून गेली आणि परत आली नाहीत. त्या गल्लीत आजही गाणं-बजावणं करायचं नाही, असा रिवाज आहे. लग्नाची वरात आली तरी तिथं वाजंत्री थांबते.

"साडेसातशे वर्षं झाली, आणि अजून गप्प राहतात," ती म्हणाली आणि स्वतःही गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्या गावात बघ ना. माझ्या बॅचची किती पोरं राहिली? पुण्याला गेली, मुंबईला गेली. मी तर इथंच आले. आमच्यासाठी कोणी गप्प राहत नाही. उलट पेढे वाटतात."

हा फोटो तिनं कुणालाच पाठवला नाही. मलाही नाही. मी मागितल्यावर दाखवला. नुसती दगडी गल्ली आहे.

औंढ्याचा लहान भाऊ

सप्टेंबरमध्ये मामांचा फोन आला. थेट मुद्दा. "फोटो कामून टाकत नाहीस?"

ती काहीतरी पुटपुटली. परीक्षा, वेळ नाही. मामा म्हणाले, "मला सगळं माहीत हाय. हे बघ, प्लॉट मी दिला. त्याच्यावर काय उगवलं ते बघायचा हक बी माझाच. टाकत जा."

त्या शनिवारी ती लोकलनं झारश्टेटला उतरली आणि रूटे नावाच्या खेड्याकडं चालत गेली. दोन्ही बाजूंनी बीटाची शेतं. या बीटापासून तिकडं साखर करतात. त्या शेतांच्या मधे एक यंत्र आहे, 'जीईओ ६००'. बाहेरून बघण्यासारखं फार काही नाही. कंटेनरसारख्या खोल्या आणि जमिनीलगत गेलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी ६०० मीटरच्या. आत लेझर. अवकाशात दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली तर त्यातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या, हे या प्रकारच्या यंत्रांचं काम. अमेरिकेतल्या 'लायगो'च्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लहर पहिल्यांदा पकडली, तेव्हा तो सिग्नल सगळ्यात आधी नजरेस पडला हॅनोव्हरच्याच संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मार्को द्रागो या तरुण संशोधकाच्या. आणि त्याच लायगोचं भारतातलं यंत्र होणार आहे आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ. नळ्या चार-चार किलोमीटरच्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

सात महिन्यांनी तिनं पहिला फोटो टाकला. बीटाचं शेत आणि मागं लांबवर एक नळी. मामांनी लगेच फोन केला, "ह्ये कुणाचं रान हाय? नुसतं शेत तर हाय."

तिनं समजावून सांगितलं. औंढ्याला जे होणार आहे, त्याचाच हा लहान भाऊ. जगभरातले लोक इथं शिकायला येतात, तसे उद्या तिकडं येतील. मामा थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "मग ते झालं की इकडंच ये. रानात बसून कामच करायचं तर आपलं रान काय वाईट हाय?"

मी तिला शेवटचा प्रश्न विचारला तो हाच. परत येणार का? डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला तिथं दीड वर्षापर्यंत थांबता येतं. पगार युरोत. कर्ज रुपयांत. गणित सरळ आहे. ती म्हणाली, "तू लेखात लिही की अजून ठरलं नाही. खोटं नको लिहू. नामदेव महाराज आपल्या नर्सीचे, पंजाबात घुमानला जाऊन राहिलेच ना? गेलं म्हणजे तुटलं असं नसतं. पण आधी मामाचा प्लॉट सोडवते. मग बघू."

तिच्याकडं रात्रीचे नऊ वाजले होते, आमच्याकडं साडेबारा. दुसऱ्या दिवशी शनिवार. मी विचारलं, उद्या कुठं? ती म्हणाली, "उद्या पार्सल. पाच वाजता." आणि फोन ठेवला.

यावेळी मी 'मजा आहे बाई' असं लिहिलं नाही. 'डबा घेऊन जा' असं लिहिलं.

जायचंय? मग आधी हे बघा

● जर्मनीच्या व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे. वेळ लागतो, अर्ज आधी करा.

● ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम बदलत असते. अर्ज करताना दूतावासाच्या साइटवरचा ताजा आकडा बघा, कुणाच्या व्हिडिओतला नाही.

● शिक्षणकर्जाला शेतजमीन तारण चालेल असं धरून चालू नका. बँकेत आधीच विचारा.

● अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीसाठी 'डाड' या संस्थेच्याही शिष्यवृत्त्या असतात.

● कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिका. काम, खोली आणि डॉक्टर तिन्ही ठिकाणी तीच लागते.

● आणि घरच्यांना फक्त डोंगर दाखवू नका. कामाच्या शनिवारचाही एखादा फोटो पाठवा.